वेचणीच्या दिवसांत दुखणारं अंग: घरच्या घरी मालिश कशी करावी

दिवाळी आटोपली की वऱ्हाडात कापसाची वेचणी जोर धरते. कमरेला ओटी बांधायची, एकेका पऱ्हाटीपुढे वाकायचं, बोंडातला कापूस ओढायचा, ओटीत टाकायचा आणि पुढे सरकायचं. ओटी भरत जाते तसं कमरेला पुढे ओढणारं वजनही वाढत जातं. त्याच सुमारास भंडारा-गोंदियाकडे धानाची कापणी आणि भारे बांधणं चाललेलं असतं, वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात संत्र्याचे कॅरेट गाडीत चढवायचे असतात. कामं वेगवेगळी, पण रात्री घरोघरी ऐकू येणारं बोलणं एकच: "आंग लय दुखून राह्यलं."

यावर गावातला नेहमीचा उपाय म्हणजे किराणा दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी. एखाद्या दिवशी घेतली तर गोष्ट वेगळी. पण हंगामभर रोज, तीही उपाशीपोटी, अशी गोळी घेतली तर जठराला आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. मालिश मात्र आपल्या घरात आधीपासून आहे. बाळंतिणीला होते, तान्ह्या लेकराला होते, म्हाताऱ्या सासऱ्याचे पाय रोज चेपले जातात. फक्त दोन गोष्टी चुकतात. एक, जोर म्हणजेच मालिश असं धरून चालतो आणि दोन मिनिटांत रगडून मोकळे होतो. दुसरी मला जास्त खटकते: घरातल्या सगळ्यांचं अंग चेपणारी बाई स्वतः मात्र कधीच कोणाकडून चेपून घेत नाही. वेचणी तिनं केलेली असते, भाकरी तिनंच थापलेल्या असतात, आणि तिची कंबर कोणाच्या हिशेबातच नसते. हा लेख वाचून घरातल्या कोणी तिच्यासाठी वीस मिनिटं काढली, तर मला हवं ते झालं.

मालिश काय करते

सतत एकाच स्थितीत राबलेला स्नायू आवळून राहतो, आणि दुखतंय म्हणून आपण तो आणखी आवळतो. संथ, उबदार दाबानं हे चक्र थोडं सैल होतं. तेवढ्या भागात रक्ताचा प्रवाह वाढतो, मेंदूकडे जाणारी दुखण्याची सूचना मंदावते, श्वास खोल होतो. आपल्या पाठीच्या आणि हाताच्या कातडीत असे मज्जातंतू आहेत, जे हळू फिरणाऱ्या हाताला सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात. त्यांना मानवणारा वेग सेकंदाला साधारण १ ते १० सेंटीमीटर. म्हणजे कमरेपासून खांद्यापर्यंत हात न्यायला आठ-दहा सेकंद लागले पाहिजेत. एकदा घड्याळ लावून करून बघा, आपण एरवी किती घाई करतो ते लगेच समजेल.

जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायाम आणि माहिती-समुपदेशन यांच्या जोडीला मालिशचाही समावेश आहे. पण आराम मिळतो तो बहुतेक काही दिवसांपुरता. मणक्यातली सरकलेली गादी मालिशनं जागेवर बसत नाही, झिजलेला गुडघा भरून येत नाही. "अंगात साचलेलं आम्ल निघून जातं" असंही सांगतात, तेही खरं नाही. मेहनतीनं स्नायूत तयार झालेलं ते आम्ल तासाभरात शरीर आपलं आपणच वापरून टाकतं. दुसऱ्या दिवशी जे अंग ठणकतं, ते स्नायूंच्या बारीक तंतूंना झालेल्या इजेमुळे. म्हणूनच त्या ठणकणाऱ्या अंगावर हलका हात हवा.

आधी हे तपासा

हा भाग सोडून पुढे जाऊ नका. आपल्या भागात काही आजार असे आहेत, की त्यांत चोळणं घातक ठरतं.

फवारणीवरून आलेल्या माणसाचं डोकं दुखत असेल, मळमळ, घाम, लाळ, डोळ्यांपुढे अंधारी असेल, तर तो थकवा समजून डोक्याला तेल लावू नका. ही विषबाधा असू शकते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. कपडे काढा, साबण-पाण्यानं अंग धुवा, १०८ ला फोन करा, फवारणीच्या औषधाचा डबा सोबत न्या. लक्षणं नसली तरी फवारणीच्या दिवशी साबणानं नीट आंघोळ झाल्याशिवाय मालिश करू नये. कातडीवर औषध राहिलं असेल तर चोळण्यानं ते आत जायला मदतच होते.

घरात कोणाला सिकलसेल (रक्ताच्या लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक आजार) असेल आणि हातपाय, कंबर, छाती अचानक असह्य दुखायला लागली, तर हा सिकलसेलचा झटका असू शकतो. पाणी पाजा, अंग उबदार ठेवा आणि दवाखाना गाठा. रगडून तो जात नाही. अशा माणसाच्या घोट्याजवळ जखम असेल तर तिथे हात लावू नका. खुब्याचं दुखणं असेल तर तेही चोळत बसू नका, कारण या आजारात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून हाड खराब होऊ शकतं.

पूर्व विदर्भात हत्तीपायाचे रुग्ण आजही आहेत. सुजलेला पाय जोरात दाबला की सूज उतरेल, हा समज चुकीचा आहे. तो पाय रोज साबणानं धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, बसताना वर ठेवायचा. पाय लाल होऊन ताप आला तर डॉक्टरकडे.

एकाच पायाची पिंडरी सुजली, गरम लागते, दाबली की दुखते, विशेषतः बाळंतपणानंतर किंवा बरेच दिवस अंथरुणाला खिळून राहिल्यावर, तर आत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते. चोळल्यानं ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. हात लावू नका.

कंबरेची कळ गुडघ्याच्या खाली उतरते, पायाला मुंग्या येतात, पाऊल उचलत नाही, लघवी किंवा संडासवर ताबा राहत नाही: सरळ हॉस्पिटल. छातीत दाबल्यासारखं होऊन डावा हात किंवा जबडा दुखला तरी तेच. गरोदर बाईचं डोकं खूप दुखतं, डोळ्यांपुढे अंधारतं, चेहरा सुजतो, तेव्हा तिचं डोकं चेपत बसू नका, तिचा रक्तदाब मोजून घ्या. पोट दुखलं की "बेंबी सरकली" म्हणून पोट चोळण्याची पद्धत अजूनही आहे. अपेंडिक्स सुजलेलं असताना असं पोट रगडलं तर ते फुटायची भीती असते.

ताप, ताजी मुरड, मोडलेलं हाड, उघडी जखम, खरूज-नायटा, फुगलेल्या शिरा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या: यांतलं काही असेल तर तो भाग तरी टाळा. साखरेच्या रुग्णाच्या तळव्यांना बधिरपणा असेल तर जोर आणि गरम शेक दोन्ही नकोत, कारण भाजलं तरी त्याला कळत नाही. आणि मालिश करताना अंगावर बधिर, फिकट चट्टा दिसला तर आशाताईला सांगा. कुष्ठरोग लवकर सापडला तर औषधानं पूर्ण बरा होतो आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

उसण भरली की पायाळू (जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या) माणसाकडून पाठीला पाय लावून घेण्याची प्रथा आपल्याकडे आहे. पायाचा नुसता स्पर्श होत असेल तर बिघडत काही नाही. पण काही ठिकाणी लाथ मारतात, पाठीवर उभं राहतात. म्हातारपणी आणि पाळी गेलेल्या बायांची हाडं ठिसूळ झालेली असतात, त्यात मणका दबतो. हे कोणाला करू देऊ नका.

तेल, जागा, वेळ

घरात जे आहे ते तेल चालतं. हिवाळ्यात तिळाचं किंवा मोहरीचं, उन्हाळ्यात खोबरेल. गडचिरोलीकडे मोहाच्या बियांचं तेल वापरतात, तेही छान लागतं, थंडीत थिजतं एवढंच. तेलाचं काम हात सरकवणं. महागड्या बाटलीनं दुखणं जास्त कमी होत नाही. मोहरीच्या तेलानं काहींच्या कातडीची आग होते, म्हणून आधी कोपराच्या आत थोडं लावून बघावं. तेल गॅसवर तापवू नका. वाटीत घेऊन ती वाटी गरम पाण्यात ठेवा आणि मनगटावर लावून बघा.

बिब्ब्याचं तेल मात्र अंगाला लावायचं नाही. सांध्यांना, टाचांना बिब्बा लावल्यानं उठलेले फोड महिनाभर बरे होत नाहीत. पेनबाम लावलेल्या जागी वरून गरम फडकं किंवा मिठाची पुरचुंडी ठेवू नका, कातडी भाजते.

बाज झोळीसारखी खाली जाते, तिच्यावर पाठीची मालिश जमत नाही. जमिनीवर सतरंजी आणि तिच्यावर गोधडी टाका. आंघोळीनंतर, जेवणाच्या आधी किंवा जेवून दीड-दोन तासांनी बसा. नखं कापलेली, अंगठ्या आणि बांगड्या काढलेल्या. टीव्ही बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत. ज्याची मालिश आहे त्याला आधीच सांगा, "दुखलं तर बोल, सहन करू नको." आपल्याकडे सहन करण्याला फार मान आहे, म्हणून हे मुद्दाम सांगावं लागतं.

पाठ आणि कंबर

पोटावर झोपवा. घोट्यांखाली गुंडाळलेला दुपट्टा, पोटाखाली पातळ उशी, कपाळ दुमडलेल्या हातांवर. पालथं झोपवत नसेल तर कुशीवर झोपवून मांड्यांमध्ये उशी द्या, किंवा खुर्चीवर उलटं बसवून छाती पाठटेकणीवर टेकू द्या. जो भाग उघडा नाही तो चादरीनं झाका.

सुरुवातीला तेल नको. दोन्ही तळवे कमरेवर नुसते ठेवा आणि चार-पाच श्वास होईपर्यंत काहीही करू नका. समोरच्याचा श्वास आपोआप लांबतो. मग तेल आपल्या तळहातांवर घेऊन, हात गरम करून, मणक्याच्या दोन्ही बाजूंनी कमरेपासून खांद्यापर्यंत संथ न्या आणि बरगड्यांच्या बाजूनं परत आणा. मणक्याच्या हाडावर दाब द्यायचा नाही, त्याच्या दोन्ही बाजूंना जे लांब स्नायू आहेत त्यांच्यावर द्यायचा. जोर मनगटातून काढू नका. गुडघे टेकून बसा आणि आपलं वजन हळूच पुढे झुकवा, म्हणजे तुमचा हातही दुखणार नाही. असं तीन-चार मिनिटं.

आता तळव्याच्या टाचेनं त्याच स्नायूंवर छोटे गोल फिरवत वर सरका. कुठेतरी गाठ लागेल. ती रक्ताची गुठळीही नाही आणि अडकलेला वातही नाही, आवळलेल्या स्नायूचा तुकडा आहे. (जी गाठ कडक, हलत नसलेली आणि वाढत जाणारी असेल ती डॉक्टरला दाखवा.) तिच्यावर अंगठा ठेवा आणि दाब हळूहळू वाढवा. विचारा, "दहापैकी किती दुखतं?" पाचच्या वर जाऊ देऊ नका. दुखतं पण बरं वाटतं, ही हद्द. तिथे वीस-तीस सेकंद थांबा, समोरच्याला श्वास सोडायला सांगा आणि सावकाश दाब काढा. एका जागी दोन-तीनदा, त्याहून जास्त नाही. श्वास अडकला, खांदा वर आला, मुठी आवळल्या, तर तुम्ही जास्त दाबताय.

कंबरदुखीत लोक एक जागा विसरतात: कुल्ल्याचे स्नायू. वाकून वेचणी, निंदण, रोवणी करताना सगळा भार तेच धरून ठेवतात. कपड्यावरूनच मुठीनं, सावकाश, गोल दाबत जा. अनेकांची कमरेची कळ निम्मी इथेच असते. बरगड्यांच्या खाली पाठीत मूत्रपिंडं असतात, तिथे थापट्या आणि ठोसे नकोत.

शेवटी दोन मिनिटं पुन्हा लांब, हलके हात. अंग झाका. लगेच उठवू नका. कुशीवर वळून, हातावर जोर देऊन उठू द्या, नाहीतर चक्कर येते. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

मान, खांदे, हात

सोळा लिटरचा फवारणी पंप भरला की पाण्याचंच वजन सोळा किलोच्या आसपास, पंपाचं वेगळं. तो दिवसभर दोन पट्ट्यांवर तोलायचा म्हणजे मान आणि खांद्याच्या मधला स्नायू दगड होतो. माणसाला पाटावर बसवा, मागे उभं राहा. तो स्नायू चारी बोटं आणि तळव्यात धरून हळूच उचला, तीन श्वास धरा, सोडा. मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत सरका. मग एका हातानं कपाळ टेकवून धरा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी कवटीच्या खालच्या कडेला बारीक गोल फिरवा. ताणानं दुखणारं डोकं बरेचदा इथूनच हलकं होतं.

गळ्याच्या पुढच्या आणि बाजूच्या भागाला दाबू नका, मेंदूला जाणाऱ्या रक्तवाहिन्या तिथून जातात. आणि सलूनमध्ये दाढीनंतर मान कडकन मोडून घेणं आजच बंद करा. त्या झटक्यानं मानेतली रक्तवाहिनी आतून फाटून अर्धांगवायू झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत.

वेचणाऱ्या हातांचं दुखणं बोटांत जाणवतं, पण बोटं ओढणारे स्नायू कोपराच्या खाली असतात. म्हणून मनगटापासून कोपराकडे अंगठ्यानं लांब रेषा ओढा, दोन्ही बाजूंनी. मग अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल भाग दाबा आणि एकेक बोट मुळापासून टोकाकडे हलकं ओढा. बोंडाच्या टोकांनी बोटं चिरलेली असतील तर तेवढी जागा सोडा. हे वेचणाऱ्या बाईला स्वतःलाही करता येतं, वावरात जेवणाच्या सुट्टीत, तेल नसलं तरी.

पाय आणि झोप

पायांवर हात नेहमी खालून वर न्यायचा: घोट्यापासून गुडघ्याकडे, गुडघ्यापासून मांडीकडे. गुडघ्याच्या वाटीवर रगडण्यात अर्थ नाही. मांडीचा पुढचा स्नायू मोकळा केला तर गुडघ्याला जास्त आराम पडतो. गुडघा गरम आणि सुजलेला असेल तर मालिश नको. रात्री पिंडरीत गोळा आला तर पाय सरळ करून पंजा आपल्याकडे ओढायचा, गोळा सुटल्यावर हलकं चोळायचं.

तळपायांसाठी काशाची वाटी असेल तर उत्तम. तळव्याला तूप किंवा तेल लावून वाटीच्या बुडानं टाचेपासून बोटांकडे सावकाश फिरवा, एका पायाला पाचेक मिनिटं. तळवा काळा पडतो तो धातू आणि तेल एकत्र घासल्यानं. ती अंगातली उष्णता नाही आणि विषही नाही. पण झोप लागायला ही वाटी खरंच मदत करते. दिव्याचा उजेड कमी करून, न बोलता केली तर आणखी. चालण्याआधी तळवे पुसा, फरशीवर घसरून पडाल.

घरी कोणी करणारं नसेल तर जुना टेनिसचा चेंडू मोज्यात घाला, तो भिंत आणि पाठ यांच्यामध्ये ठेवा आणि गुडघे थोडे वाकवत वर-खाली सरका. मणक्यावर नाही, बाजूला. चेंडू नसेल तर कापडाचा घट्ट गोळाही चालतो.

मनावरचा भार

पाऊस दगा देतो, भाव पडतो, बँकेचा माणूस येतो, आणि हे सगळं खांद्यांत आणि जबड्यात जाऊन बसतं. संथ स्पर्शानं हृदयाचे ठोके उतरतात, मनाची घालमेल काही वेळ तरी कमी होते. सेवाग्रामला महात्मा गांधी कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींच्या अंगाला स्वतःच्या हातानं मालिश करत. ज्या काळी कुष्ठरोग्यांच्या सावलीलाही लोक भीत होते, तेव्हा. आपल्या घरात तर कोणाला भ्यायचंही कारण नाही, तरी मोठ्या झालेल्या मुलाच्या पाठीवर बाप हात ठेवत नाही. अबोल माणसाला "काय झालं?" विचारलं तर उत्तर येत नाही. त्याच्या खांद्यांना तेल लावायला बसलं तर दहाव्या मिनिटाला तो बोलायला लागतो. मध्ये बोलू नका, सल्ला देऊ नका, हात चालू ठेवा.

पण जगण्यात अर्थ नाही, मी गेलो तर तुम्ही सुटाल, असं कोणी बोललं, तर मालिशवर विसंबू नका. त्याला एकटं सोडू नका, कीटकनाशकाचे डबे कुलपात ठेवा आणि १४४१६ या टेली-मानस (मानसिक आधाराची सरकारी फोनसेवा) क्रमांकावर फोन करा. तो फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं.

किती वेळा

हंगामात आठवड्यातून दोनदा पाठ, आणि तळपाय तर रोज. जोडीनं करा: आज नवऱ्यानं बायकोची पाठ, परवा तिनं त्याची. घरात ते अवघड वाटत असेल तर बायाबायांनी ठरवा. निंदणाला जशा एकमेकींच्या वावरात जाता, तसं रविवारी दुपारी एकमेकींच्या घरी जा. दुसऱ्या दिवशी थोडं अवघडल्यासारखं वाटलं तर चालतं. निळे डाग पडले किंवा दुखणं वाढलं तर जोर जास्त झाला, पुढच्या वेळी निम्मा करा.

मालिशच्या दुसऱ्या दिवशी वावरात तासाभरानं एकदा सरळ उभं राहून कमरेवर हात ठेवा आणि मागे वाका, पाच-सहा वेळा. ओटी अर्धी भरली की रिकामी करा. चार ते सहा आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, वजन उतरणं यांपैकी काही सोबत असेल, तर ग्रामीण रुग्णालयात दाखवा आणि कोणत्या गोळ्या किती दिवस घेतल्या ते चिठ्ठीवर लिहून न्या.